टी-शर्टसोबत कोड, अंड्यासोबत गेम : खेळातला माल बाहेर कसा विकला जातो आणि घेताना काय पाहायचं

पांढुर्णा / सौंसर : माझा भाचा सौंसरला आठवीत आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी नागपूरला बर्डीवरून एक टी-शर्ट आणला. छातीवर त्याच्या आवडत्या मोबाईल गेममधल्या गड्याचं चित्र, आणि कॉलरला दोऱ्याने बांधलेलं एक स्क्रॅच कार्ड. कार्डावरचा कोड गेममध्ये टाकला की तोच टी-शर्ट गेममधल्या आपल्या गड्याच्याही अंगावर येतो, असं दुकानदाराने सांगितलं. साधा टी-शर्ट शेजारच्या हँगरला होता, त्याच कापडाचा, जवळपास निम्म्या किमतीत. मी महागवाला घेतला. घरी आल्यावर पोराने कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, "मामा, हे तं आधीच घासलेलं हाय."

कोड टाकून पाहिला. आधीच वापरलेला निघाला. टी-शर्ट चांगला होता, मापात होता, पण पोराचं तोंड उतरलं. त्याला शर्ट नव्हताच हवा. त्याला कोड हवा होता, आणि शर्ट ही त्या कोडची पिशवी होती. हे मला दुकानात कळायला पाहिजे होतं. बी.कॉम. केलेल्या माणसाने एवढं तरी ओळखावं.

तेव्हापासून हा धंदा जरा नीट समजून घेतला. आपल्याकडे पांढुर्णा, सौंसर, नरखेड, वरुड, सावनेर कुठेही जा, घरोघरी पोरांच्या हाती फोन आहे आणि त्या फोनमधल्या गेमची चित्रं दप्तरावर, डब्यावर, चपलेवर आहेत. यातलं कुठलं नुसतं चित्र, कुठलं खरोखर गेमशी जोडलेलं, आणि कशाचे किती पैसे आपण देतो, हे बहुतेक आईबापांना ठाऊक नसतं. ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी जुनी गोष्ट

वस्तूसोबत खेळ विकणं नवीन नाही. आमच्या पिढीने बिग फन बबलगमचे कागद जमवले. आत क्रिकेटपटूचं चित्र, त्यावर रन किंवा विकेट. ठरलेले रन-विकेट जमले की बक्षीस. गम दोन मिनिटांत बेचव व्हायचा, तरी पोट्टे तोच मागायचे. मग १९९९ च्या वर्ल्ड कपला ब्रिटानियाने बिस्किटच्या वेष्टनावर रन छापले. १०० रन झाले की पुस्तिका आणि त्यात घासायचं कार्ड, नशीब असेल तर थेट इंग्लंड. त्या वर्षी किती घरांत नको तेवढी बिस्किटं खाल्ली गेली असतील ते ज्याचं त्याला माहीत.

तेव्हाची एक गोष्ट लक्षात घ्या. कागद हातात यायचा. दुसऱ्याला देता यायचा, बदलून घेता यायचा, आणि तो खरा की खोटा हे डोळ्यांना दिसायचं. आजचा कोड म्हणजे दहा-बारा अक्षरं. ती कोणी आधी वाचली तर तुमच्या हातातलं कार्ड रद्दी.

चावी बाहेर, पेटी घरात

या प्रकाराला जगभर जोर आला तो २०११ मध्ये. ॲक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीने 'स्कायलँडर्स' नावाचा गेम काढला. सोबत एक चौथरा. त्यावर प्लास्टिकची बाहुली ठेवली की ती टीव्हीवरच्या खेळात उतरायची. नवा गडी पाहिजे? नवी बाहुली घ्या. खेळातले काही रस्ते ठरावीक जातीच्या बाहुलीशिवाय उघडतच नसत. २०१३ मध्ये डिस्नेने 'इन्फिनिटी' आणली, २०१५ मध्ये लेगोने 'डायमेन्शन्स'. जपानच्या निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'अमीबो' नावाच्या मूर्ती बाजारात आणल्या, त्या आजही चालू आहेत. आपल्याकडे या वस्तू शौकीन लोक बाहेरून मागवतात, सौंसरच्या दुकानात मिळायच्या नाहीत. पण त्यांचं आतलं गणित कळलं की टी-शर्टचं गणित आपोआप कळतं.

अमीबोच्या बैठकीत एक छोटी चिप असते, मेट्रोच्या किंवा बँकेच्या टॅप करायच्या कार्डात असते तशा जातीची. तिच्यात जागा किती, तर साधारण ५०० बाइट. देवनागरीत लिहायचं म्हटलं तर दोन-तीन ओळी मावतील. मग नवा गडी, त्याचे कपडे, त्याची तलवार त्या मूर्तीत कुठून आली? ती मूर्तीत नसतेच. बहुतेक वेळा तो सगळा माल गेमच्या डिस्कवर किंवा अपडेटमध्ये आधीच तुमच्या घरी आलेला असतो. मूर्ती फक्त कुलूप उघडते. पेटी तुम्ही आधी विकत घेतली, आता चावीचे पैसे वेगळे. २०१७ च्या 'मेट्रॉइड : सामुस रिटर्न्स' या गेममध्ये तर जास्त अवघड खेळाचा एक आख्खा प्रकार मूर्तीशिवाय उघडत नव्हता. गेमचे पूर्ण पैसे मोजलेल्या लोकांनी तेव्हा आरडाओरड केली, आणि ती रास्त होती.

हिशेबाच्या भाषेत सांगतो. गेम एकदा तयार झाला की त्यातली एक पोशाखाची प्रत आणखी एका माणसाला देण्याचा खर्च जवळजवळ शून्य. प्लास्टिकची बाहुली मात्र दर नगाला पैसे खाते. म्हणजे शून्य खर्चाची वस्तू खर्चाच्या वस्तूला बांधायची आणि दोन्हीची मिळून एक किंमत लावायची. गिऱ्हाईकाला वाटतं बाहुलीचे पैसे दिले. कंपनीला मिळतात कुलपाचे.

पण या धंद्यात कंपन्याही बुडतात, आणि कशामुळे, तर त्याच प्लास्टिकमुळे. बाहुल्या आधी बनवून गोदामात ठेवाव्या लागतात. कुठली खपेल, कुठली पडून राहील, सांगता येत नाही. डिस्नेने मे २०१६ मध्ये 'इन्फिनिटी' बंद केली तेव्हा त्या तिमाहीत १४.७ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. 'स्कायलँडर्स'चा शेवटचा मोठा गेमही २०१६ चाच. लेगोने २०१७ मध्ये हात आवरला. ज्यांनी कपाटभर बाहुल्या घेतल्या होत्या त्यांच्याकडे बाहुल्या राहिल्या, खेळाचे नवे भाग येणं थांबलं.

यातून कंपन्यांनी धडा घेतला तो असा : स्वतः प्लास्टिक बनवू नका, दुसऱ्याच्या मालाला फक्त कोड चिकटवा. गोदाम त्याचं, रिस्क त्याची, आपल्याला नावाची टक्केवारी. म्हणून पुढे कोड शीतपेयाच्या झाकणात आला, चिप्सच्या पाकिटात आला, कपड्याच्या कॉलरला आला. ऑगस्ट २०१८ मध्ये तर 'फोर्टनाइट' गेममधला 'गॅलेक्सी' पोशाख सॅमसंगच्या महागड्या फोनसोबत मिळत होता. त्यातला नोट ९ भारतात ६७,९०० रुपयांपासून होता. परदेशात काही पोट्ट्यांनी दुकानात मांडलेल्या नमुन्याच्या फोनवरच आपलं खातं उघडून पोशाख मिळवायची खटपट केली. पोरं कुठलीही असो, डोकं सारखंच चालतं.

आपल्या किराणा दुकानातलं उदाहरण

आता आपल्याकडे या. कुठल्याही किराणा दुकानाच्या काउंटरवर किंडर जॉय नावाचं अंडं असतं. बनतं बारामतीला, तिथे एमआयडीसीत फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना आहे. अर्ध्या भागात २० ग्रॅम गोड माल, अर्ध्या भागात खेळणं. खेळण्यासोबत एक चिटोरा असतो, तो फोनने स्कॅन केला की कंपनीच्या 'अप्लायडू' नावाच्या ॲपमध्ये तेच खेळणं जिवंत होऊन फिरायला लागतं. हे ॲप २०२० पासून आहे.

इथे खरं बोललं पाहिजे. ॲप फुकट आहे, आत पैसे मागत नाही. लुबाडणूक म्हणता येणार नाही. पण दिशा पाहा. पूर्वी अंडं संपलं की विषय संपायचा. आता ॲपमध्ये रिकाम्या जागा दिसतात आणि त्या भरायला पुढचं अंडं लागतं. गेम ही जाहिरात झाली आणि अंडं हे तिकीट. लहान गावातल्या दुकानदाराला विचारा, आई बिस्किटचा पुडा दाखवते आणि पोरगं बोट अंड्याकडे करतं. त्याला खायचं नसतं, "कोणता निघते" ते पाहायचं असतं.

दुसरा प्रकार दुकानात नेण्याचा. डिसेंबर २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे आला तो जिओच्या साथीने, आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं गेममधले थांबे बनली. गेममधली वस्तू घ्यायची तर पायी दुकानापर्यंत जा. त्या काळात नागपूरच्या पोट्ट्यांना फायदा होता, आपल्याकडच्यांना नाही. खेड्यात थांबेच नव्हते.

आणि तिसरा प्रकार, ज्याने आपल्या भागातल्या पोरांना खरं पकडलं, तो बीजीएमआयचा. हा गेम २ जुलै २०२१ ला आला, पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर. यात महिंद्राची इलेक्ट्रिक गाडी आली, रॉयल एनफिल्डची बुलेट आली. इथे उलटं आहे : खरी वस्तू तुम्ही घेत नाही, गेममधल्या गाडीसाठी गेमचं चलन लागतं, आणि ते चलन रुपयाने घ्यावं लागतं. त्यातही बरेचदा थेट किंमत नसते, चक्र फिरवायचं. निघाली तर निघाली. कंपनीला गाडीच्या जाहिरातीचा फायदा, गेमला चलनाचा, आणि बापाच्या खात्यातून शंभर-शंभर रुपये जात राहतात. खेळ सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा सांगितली होती. आपल्या भागात कोणत्या पोराच्या बापाची दिवसाची मजुरी तेवढी आहे, तो विचार ही मर्यादा ठरवणाऱ्याने केला नसावा.

लिंकिंग हा शब्द आपल्याला नवा नाही

शेतकऱ्याला हे समजावायला वेळ लागत नाही. युरिया घ्यायला गेलं की सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला आपण लिंकिंग म्हणतो. संत्र्याच्या बागेला गरज असो-नसो, पोतं पाहिजे तर बाटली घ्या. गेमचं लिंकिंग तसंच आहे, फरक एवढाच की इथे दुकानदार जबरदस्ती करत नाही. पोरगंच हट्ट करतं.

कायद्यात याला सरसकट बंदी नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्यात जोडविक्रीचा उल्लेख आहे, पण बाजारातल्या स्पर्धेला ठोस धक्का बसला तरच ती गैर ठरते. एका टी-शर्टाने तसं काही होत नाही. मात्र लहान मुलांच्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जे नियम काढले ते कामाचे आहेत. मुलांना थेट "विकत घ्या" किंवा "आईबाबांना घ्यायला सांगा" असं म्हणता येत नाही. "फक्त", "अवघे" असे शब्द लावून किंमत कमी भासवता येत नाही. भाग घ्यायला खरेदी लागते अशा योजनेत मुलांना उद्देशून खरेदीचं आवाहन करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. हे तीन नियम डोक्यात ठेवून पोराच्या फोनवरच्या जाहिराती पाहा, मग कळेल किती पाळले जातात.

घेताना काय पाहायचं

पहिलं म्हणजे चित्र आणि कोड यात फरक करा. आपल्या बाजारात गेमचं चित्र छापलेली जी दप्तरं, टोप्या, टी-शर्ट लटकलेले असतात, त्यातले कितीतरी परवान्याशिवाय छापलेले. त्यात कोड नसतोच. स्वस्त असतात, टिकले तर टिकले. त्यात फसवणूक एवढीच होते की कोणी "कोड आत हाय" म्हणून जास्तीचे पैसे घेतो. पाकिटावर कोडबद्दल काही छापलेलं नसेल तर तोंडी शब्दावर एक रुपया जास्त देऊ नका.

कोड असेल तर चार गोष्टी वाचा, अक्षर बारीक असलं तरी. कोणत्या गेमसाठी. शेवटची तारीख कोणती. कोणत्या देशात चालतो, कारण परदेशातून आलेल्या मालावरचा कोड इथल्या खात्यात चालेलच असं नाही. आणि एकदाच वापरायचा की कसं. बहुतेक एकदाच असतो आणि एका खात्याला कायमचा चिकटतो. म्हणून वापरलेली, सेकंडहँड वस्तू "कोडसकट" कोणी देत असेल तर हसून पुढे व्हा. घासायच्या जागेवर ओरखडा असेल, सील पुन्हा चिकटवल्यासारखं दिसत असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच बोला. मी नाही पाहिलं, म्हणून सांगतो.

दुसरं, कोड म्हणजे मालकी नाही. तो कंपनीच्या सर्व्हरवरची परवानगी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने ५४ ॲपवर बंदी घातली, त्यात फ्री फायर होता. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाला आणि परत यायला मे २०२३ उजाडला. या काळात ज्यांनी त्यात पैसे घातले होते त्यांच्या हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. टी-शर्ट अंगात राहतो, त्यातला गेमचा भाग कधीही जाऊ शकतो. म्हणून वस्तूची नुसती वस्तू म्हणून जी किंमत वाटते तेवढीच द्यायची तयारी ठेवा. कोड चालला तर वरकड.

तिसरं, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे कोड विकणारे. "५० रुपयांत ५०० चा कोड" असं कोणी म्हणत असेल तर त्याला तोटा का करून घ्यायचा आहे, हा प्रश्न विचारा. बीजीएमआयने २०२५ मध्ये अधिकृत कोड द्यायला सुरुवात केली तेव्हा एक कोड पहिल्या दहाच खेळाडूंना चालायचा, आणि तो स्वतःच्या वेबसाइटवरच वापरावा लागायचा. म्हणजे तुमच्यापर्यंत फॉरवर्ड होऊन येईपर्यंत तो संपलेलाच असणार. पोरांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावा : पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही, जायलाच लागतो. "कोड मिळवायला पिन टाका" म्हटलं की फोन खाली ठेवायचा. पैसे गेलेच तर १९३० ला फोन, आणि तो लगेच. उद्या करू म्हटलं की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते.

खरेदी महाराष्ट्रात, घर मध्य प्रदेशात

आपली सीमेवरची अडचण वेगळी. माल नागपूरला घ्यायचा, राहायचं पांढुर्ण्याला. भांडण झालं तर कुठे जायचं? जुन्या कायद्यात दुकान जिथे, कारण जिथे घडलं तिथेच जावं लागायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदललं. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे बर्डीवर घेतलेल्या मालासाठी बर्डीला हेलपाटे मारायची गरज नाही, आणि नरखेडच्या माणसाने सौंसरच्या दुकानातून घेतलं तरी हाच नियम. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर पुष्कळ दुकानदार तेवढ्यावरच मऊ येतात. हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, मध्य प्रदेशातून फोन आहे म्हणून हिंदीच पाहिजे असं काही नाही.

पण या सगळ्याला एक गोष्ट लागते, ती म्हणजे बिल. पक्कं बिल, त्यावर "कोडसह" असं लिहून घेतलेलं. शिवाय पाकीट उघडताना फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. हास्यास्पद वाटेल, पण घासलेलं कार्ड तुम्ही घासलं की आधीच घासलेलं होतं, हे ठरवायला दुसरा पुरावा नसतो.

माझ्याकडे बिल होतं, व्हिडिओ नव्हता. पुढच्या खेपेला बर्डीवर गेलो तेव्हा दुकानदाराकडे गेलो. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाला, "भाऊ, कार्ड वरून जसं येते तसं आमी लावतो." बरीच घासाघीस झाल्यावर साध्या आणि कोडवाल्या टी-शर्टातला फरक त्याने परत केला. म्हणजे कोडची किंमत किती धरली होती तेही त्याच्याच तोंडून कळलं : शर्टाएवढीच.

भाच्याला ते पैसे दिले. त्याने त्यातून बॅट घेतली की गेमचं चलन, हे बहिणीने मला अजून सांगितलेलं नाही.